प्रमाणपत्राची परीक्षा कोण घेणार?

आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात वेल्डर म्हणून गेलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी आधी प्लेट मारायला सांगतात. ठरावीक जाडीचे दोन तुकडे, ठरावीक कोनात तासलेल्या कडा, वेल्डिंगची ठरलेली पोझिशन. जोड झाला की तो कापतात, वाकवून पाहतात, काही ठिकाणी एक्स-रे काढतात. प्लेट पास झाली तर काम, नाही तर घरचा रस्ता. बॉयलरवर काम करायचे असेल तर नियम याहून कडक आहेत. भारतीय बाष्पक विनियमांनुसार तिथे वेल्डरला वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि ती मान्यताही कायमची नसते, मुदत संपली की पुन्हा हात दाखवावा लागतो. वर्षभर शिकवून, परीक्षा घेऊन, सरकारी शिक्का मारून दिलेला कागद हातात असताना कारखानदाराला पुन्हा प्लेट मारून का घ्यावीशी वाटते? व्यवसाय प्रशिक्षणाच्या गुणवत्तेबद्दल आपल्याकडे जे काही बोलले आणि लिहिले जाते, त्या सगळ्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

हा प्रश्न मोठ्या संख्येचा आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातल्या १५ ते २९ वयोगटातल्या अवघ्या ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले आहे. आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकले, म्हणजे वडिलांच्या हाताखाली, गॅरेजमध्ये, कंत्राटदाराच्या माणसांबरोबर. उरलेल्यांना कोणी काही शिकवलेलेच नाही. ही टक्केवारी वाढावी म्हणून गेल्या पंधरा-सोळा वर्षांत सरकारने योजनांमागून योजना आणल्या. किती जणांना शिकवले याचा हिशेब त्यांत काटेकोर ठेवला गेला, काय शिकवले गेले याचा मात्र राहून गेला. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर दोन वर्षे कमाई सोडून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायला जाते, त्या घराला ही दोन वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून हा विषय मला शिक्षणशास्त्रातल्या वादापेक्षा मोठा वाटतो.

मागे वळून पाहिले तर सुरुवात चांगली होती. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ साली स्थापन झाली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. अभ्यासक्रम देशभर एक, अखेरची परीक्षा देशभर एक. संस्था मान्य करताना पाहायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या: कार्यशाळेला इतके चौरस मीटर, तुकडीमागे इतके व्हाइस, इतकी लेथ यंत्रे, इतका वीजभार. आत काय आहे हे मोजण्याची ही पद्धत होती, बाहेर काय पडते ते मोजण्याची नव्हे. तरी ती बराच काळ चालली. त्याचे कारण माझ्या मते त्या निकषांत नव्हते. संस्था थोड्या होत्या, बहुतेक सरकारी होत्या आणि आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा पुढे पिंपरीच्या किंवा ठाण्याच्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करत असे. तिथला फोरमन हाच त्याचा खरा परीक्षक होता. जॉब अर्धा मिलिमीटर चुकला तर तो परत फाइल करायला लावणारा माणूस शेजारी उभा असे. गुणवत्तेची हमी देणारी खरी यंत्रणा कारखान्यात होती आणि संस्थेचे निकष तिच्या आधारावर उभे होते.

संस्था वाढल्या, उमेदवारीच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि तो आधार गेला. २००७ नंतरच्या दहा वर्षांत देशातल्या आयटीआयची संख्या काही पटींनी वाढून अकरा हजारांच्या पुढे गेली आणि वाढ जवळजवळ सगळी खासगी संस्थांची होती. मान्यतेपूर्वीची तपासणी या काळात काही वर्षे भारतीय गुणवत्ता परिषदेकडे सोपवलेली होती. खासदार किरीट सोमय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीने २०१८ साली या सगळ्याचा आढावा घेतला आणि खासगी आयटीआयना मान्यता देताना निकष व मानके पाळली गेली नाहीत, असा स्पष्ट ठपका ठेवला. महाराष्ट्रात आज सरकारी आयटीआय चारशेच्या वर आणि खासगी पाचशेच्या वर आहेत. त्यांत उत्तम काम करणाऱ्या खासगी संस्थाही आहेत आणि यंत्रे धूळ खात पडलेल्या सरकारी संस्थाही. तेव्हा दोष खासगी किंवा सरकारी असण्याचा नाही. वर्षातल्या एका दिवशी, आधी कळवून येणाऱ्या समितीला इमारत, खरेदीची बिले आणि हजेरीपट दाखवता येतात. मुलाने वर्षभरात लेथवर प्रत्यक्ष किती तास काम केले, ते दाखवण्याची सोय त्या भेटीत नसते.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची कथा याहून चटका लावणारी आहे. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ २००८ साली स्थापन झाले. २००९ च्या धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे लक्ष्य धरले. २०१५ च्या जुलैत प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. दोनशे-तीनशे तासांचे अभ्यासक्रम, शिकणाऱ्याला फी नाही, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला सरकारकडून डोईमागे पैसे. ते पैसे कसे मिळत, हे समजून घेतले की पुढचे बरेच काही आपोआप कळते. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर २० टक्के अशी वाटणी होती. म्हणजे मुलाला काम मिळो न मिळो, त्याच्या हाती प्रमाणपत्र पडले की संस्थेचे ८० टक्के वसूल. अशा व्यवस्थेत प्रमाणपत्र अडवणारा परीक्षक सगळ्यांनाच नकोसा होतो. संस्थेला तो नको असतो, उद्दिष्ट गाठायच्या अधिकाऱ्याला नको असतो आणि वर्गात बसलेल्या मुलालाही नको असतो. कोणी मुद्दाम लबाडी न करताही दर्जा घसरतो तो असा.

लबाडीही झालीच. शारदा प्रसाद हे केंद्राच्या रोजगार व प्रशिक्षण खात्याचे माजी महासंचालक. त्यांच्या समितीने २०१६ साली एकेका उद्योगक्षेत्रासाठी नेमलेल्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांच्या कामाची चिकित्सा केली. मानके ठरवणे, प्रशिक्षण संस्था जोडून घेणे, परीक्षा घेणे आणि प्रमाणपत्र देणे ही सगळी कामे एकाच छत्राखाली आल्याने हितसंबंधांचा संघर्ष अटळ आहे, असे त्यांनी मांडले, आणि परिषदांची संख्या निम्म्यावर आणायची शिफारस केली. वर्षे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल संसदेत आला. तपासलेल्या सुमारे ९५ लाख लाभार्थ्यांच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा होता, किंवा त्यात शून्ये आणि निरर्थक आकडे भरलेले होते. एकच छायाचित्र अनेक नावांपुढे वापरलेले आढळले. प्रमाणपत्र मिळालेल्या सुमारे ५६ लाख जणांपैकी ४१ टक्के जणांना नोकरी लागल्याची नोंद होती. बायोमेट्रिक हजेरी आणि ऑनलाइन पोर्टल ही साधने याच काळात आली. नोंद करणाऱ्यालाच ती नोंद कोरी ठेवण्यात फायदा असेल तर तंत्रज्ञान तिथे काही करू शकत नाही.

याच योजनेतला एक भाग मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याची दुरवस्था जास्त खुपते. तो म्हणजे पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याचा. वीस वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाकडे कागद नाही म्हणून त्याला अकुशल मजुराची मजुरी का मिळावी? त्याचे काम नीट पाहून, उणे असेल तेवढे शिकवून त्याला प्रमाणपत्र द्यावे, ही कल्पना न्यायाची आहे. पण तिची मदार पूर्णपणे काम पाहण्यावर आहे. काही तासांचा परिचयवर्ग, वस्तुनिष्ठ प्रश्नांची छोटी चाचणी आणि कागद, एवढ्यावर ती आली की गवंड्याला मिळालेला कागद कोणी विचारत नाही आणि योजनेच्या आकड्यात मात्र एक भर पडते.

महाराष्ट्राने याच रोगाचा एक मोठा प्रयोग शिक्षक प्रशिक्षणात आधीच पाहिलेला आहे. २००० नंतरच्या दशकात डी.एड.ची लाट आली. बारावीनंतर दोन वर्षे, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, असे गणित घराघरांत मांडले जात होते आणि गल्लोगल्ली अध्यापक विद्यालये उभी राहत होती. राज्य सरकारला इतक्या नव्या संस्था नको होत्या, त्यांना मान्यता देण्याचा अधिकार मात्र राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या विभागीय समितीकडे होता. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ साली आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्रातल्या वादग्रस्त अशा सुमारे २९० संस्थांपैकी अवघ्या ४४ योग्य ठरल्या. कायद्याने स्थापन झालेली नियामक संस्था, तिचे लिखित निकष, तिच्या तपासणी समित्या, सगळे असताना प्रत्येक सहा-सात संस्थांमागे एक टिकली.

त्याचा परिणाम वर्षभरातच आकड्यांत उतरला. राज्याने २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा सुरू केली. तिला बसणारे बहुसंख्य उमेदवार डी.एड. किंवा बी.एड.चे प्रमाणपत्र असलेले किंवा ते शिक्षण घेत असलेले. सुरुवातीच्या परीक्षांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण एकआकडी टक्क्यांत राहिले. ज्यांना एका यंत्रणेने शिक्षक व्हायला लायक ठरवले, त्यांतल्या बहुतेकांना दुसरी यंत्रणा नालायक ठरवत होती. हेही तिथे थांबले नाही. २०१९ च्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात २०२१ च्या अखेरीस उघड झाले आणि २०२२ साली राज्य परीक्षा परिषदेने ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. चाळणी शिक्षण संस्थेपासून वेगळी केली म्हणून ती आपोआप स्वच्छ होत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. त्यामुळे चाळणीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. भोगणारी मुले आहेत, पहिली ते आठवीच्या वर्गात बसलेली.

बाहेरच्या देशांकडे पाहिले की कळते, हा दोष आपल्या मातीचा नाही. इंग्लंडने २००० च्या सप्टेंबरात प्रौढांसाठी वैयक्तिक शिक्षण खाती उघडली. सरकार पैसे देणार, माणसाने हवा तो अभ्यासक्रम निवडायचा. शिकवणाऱ्यांची आधी छाननी करायची नाही, असे ठरले होते. सव्वा वर्षाच्या आत, नोव्हेंबर २००१ मध्ये, फसवणुकीच्या तक्रारींमुळे योजना गुंडाळावी लागली. ऑस्ट्रेलियाने हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. तिथे व्यवसाय अभ्यासक्रमांसाठी सरकारी कर्ज मिळत असे आणि ते थेट कॉलेजच्या खात्यात जाई. खासगी कॉलेजांचे दलाल गरीब वस्त्यांत फिरू लागले, मोफत लॅपटॉपचे आमिष दाखवून सह्या घेऊ लागले. इंग्रजी धड न येणाऱ्यांना, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांनासुद्धा पदविकेला बसवले गेले. २०१५ या एका वर्षात या कर्जाची रक्कम २.९ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेली. २०१६ च्या अखेरीस सरकारने योजना बंद केली. या काळात तिथे स्वतंत्र राष्ट्रीय नियामक नव्हता असे नाही, तो २०११ पासून काम करत होता. पैशाचा ओघ त्याच्या तपासणीपेक्षा वेगाने वाहत होता.

ऑस्ट्रेलियाने पुढे केलेली एक गोष्ट मात्र आपण नीट पाहावी. २०२४ च्या अखेरीपासून त्या नियामकाने काही संस्थांनी आधीच देऊन टाकलेली प्रमाणपत्रे रद्द करायला सुरुवात केली आणि ती संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. बालसंगोपन, वृद्धसेवा, अपंगसेवा, बांधकाम अशा क्षेत्रांतली ही प्रमाणपत्रे होती. ज्यांनी खरोखर फी भरली आणि ज्यांना वाटत होते की आपण शिकलो, त्यांच्यावर हा घाव पडला, हे कठोर आहे. पण पाळणाघरात तान्ही बाळे सांभाळणाऱ्या माणसाला काम येत नसेल, तर तो कागद त्याच्याकडे राहू देणे जास्त कठोर आहे. आपल्याकडे संस्थेची मान्यता काढली जाते. त्या संस्थेने दिलेली प्रमाणपत्रे मात्र तशीच राहतात.

जर्मनीचे नाव या विषयात सगळेच घेतात, बहुतेक वेळा कारखाना आणि शाळा यांच्या जोड प्रशिक्षणासाठी. मला तिथली परीक्षा जास्त महत्त्वाची वाटते. मुलगा शिकतो कारखान्यात आणि व्यवसाय शाळेत, पण त्याची अंतिम परीक्षा या दोघांपैकी कोणीच घेत नाही. ती घेते त्या भागातले उद्योग व वाणिज्य मंडळ किंवा हस्तव्यवसाय मंडळ. परीक्षक समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात, सोबत व्यवसाय शाळेचे शिक्षक. बहुतेक परीक्षक हे काम मानद म्हणून करतात. कारखान्यात शिकवणाऱ्या माणसालाही आपल्याला शिकवता येते, हे परीक्षा देऊन सिद्ध करावे लागते. १९६९ च्या कायद्याने घालून दिलेली ही घडी आहे. महाराष्ट्राचा या व्यवस्थेशी आता थेट संबंध आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांची गोष्ट झाली. आपल्या मुलांना जर्मन भाषा शिकवण्याची सोय होते आहे, हे उत्तम. पण आपला इलेक्ट्रिशियन तिथे पोचल्यावर त्याची पात्रता जर्मन मानकाशी ताडून पाहिली जाणार, आणि उणे निघाले तर त्याला पुन्हा शिकावे लागणार. हे उणे इथेच भरून काढता येण्यासारखे आहे.

परदेशाकडे कशाला, आपल्याच मुंबईत चांगला नमुना आहे. दर्यावर्दींचे प्रशिक्षण १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले आहे. १९९५ च्या दुरुस्तीने त्यात गुणवत्तेची व्यवस्था सक्तीची केली आणि ठरावीक काळाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घेण्याचे बंधन घातले. मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या देखरेखीखाली सागरी प्रशिक्षण संस्थांची सर्वंकष तपासणी होते आणि त्यांना श्रेणी मिळते. याहून मोलाची गोष्ट म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्याची सक्षमतेची परीक्षा कॉलेज घेत नाही. सरकारचे सर्वेक्षक ती घेतात आणि तोंडी परीक्षेत अनुभवी माणसासमोर बसून इंजिन रूमला आग लागली तर तू काय करशील, याचे उत्तर द्यावे लागते. बनावट कागदपत्रे आणि फसवे दलाल या क्षेत्रातही आहेत, कोकणातल्या कितीतरी घरांना त्यांचा फटका बसला आहे. तरी भारतीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राला जगभरच्या जहाजांवर किंमत आहे. ही किंमत कशी टिकवावी लागते, ते फिलिपिन्सला विचारावे. युरोपीय तपासनीसांनी वर्षानुवर्षे त्रुटी दाखवल्यानंतर त्यांची मान्यता जाण्याची वेळ आली होती आणि सुमारे ५० हजार नाविकांची रोजीरोटी टांगणीला लागली होती. सुधारणा दाखवल्यावर मार्च २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने मान्यता चालू ठेवली. जहाज बुडाले तर सगळेच बुडतात, त्यामुळे या धंद्यात परीक्षा खरी घ्यावी लागते.

आयएसओ मानकांबद्दल थोडक्यात. अनौपचारिक प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी २०१० साली आयएसओ २९९९० आले, आता त्याच्या जागी २९९९३ आणि शैक्षणिक संस्थांसाठी २१००१ आहेत. संस्थेने उद्दिष्ट लिहावे, शिकणाऱ्याची गरज ओळखावी, तक्रार नोंदवावी, दरवर्षी आढावा घ्यावा, ही शिस्त चांगलीच आहे. पण ही मानके कार्यपद्धती तपासतात, शिकणाऱ्याचा हात तपासत नाहीत. भिंतीवर लावलेल्या आयएसओच्या चौकटीवरून तिथल्या टर्नरला आटे पाडता येतात की नाही, ते कळत नाही. कंपन्यांतल्या प्रशिक्षणाचीही अशीच गत आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण चार पायऱ्यांवर मोजावे असे सुचवले: शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेला काय मिळाले. तेव्हापासून जगभरचे प्रशिक्षक ही मांडणी शिकवतात. तरी बहुतेक ठिकाणी मोजमाप पहिल्याच पायरीवर थांबते, शेवटच्या तासाला वाटलेल्या अभिप्रायाच्या फॉर्मवर.

आता सध्याच्या व्यवस्थेकडे. राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद डिसेंबर २०१८ मध्ये अधिसूचित झाली आणि ऑगस्ट २०२० पासून काम करू लागली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था वेगळ्या मान्य करायच्या, हे तिचे मूळ तत्त्व शारदा प्रसाद समितीच्या आक्षेपाला बरेचसे उत्तर देते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ साली आला, त्यात शिकणाऱ्याला अखेर काय करता आले पाहिजे, ते लिहिलेले असते. कागदावर ही मोठी प्रगती आहे. पण दोन्ही कामे एकाच संस्थेला करू देणारा एक वर्गही या व्यवस्थेत ठेवलेला आहे, आणि अशा पळवाटेतून जुने दुखणे परत येते. आयटीआयची लेखी परीक्षा संगणकावर, पर्यायी प्रश्नांची झाल्याने पेपरफुटी आणि कॉपीला आळा बसला, निकाल लवकर लागू लागला. मात्र व्हर्नियर कॅलिपरने मोजमाप कसे घ्यायचे, याच्या चार पर्यायांतून एक निवडणे आणि प्रत्यक्ष जॉब मोजणे यांत फरक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेला पुरेसा वेळ, पुरेसे साहित्य आणि भीड न बाळगणारा बाहेरचा परीक्षक मिळाला तरच हा फरक दिसतो. एका दिवसात अख्ख्या तुकडीचे जॉब तपासून, गुणपत्रकावर सही करून संध्याकाळची गाडी पकडणाऱ्या परीक्षकाला तो दिसणार नाही.

सगळ्या समित्या आणि श्रेणीपद्धती बाजूला ठेवल्या तरी एक माणूस उरतो, तो निदेशक. वीस-चोवीस मुलांच्या तुकडीसमोर उभा राहून तो दाखवतो, की फाइल कशी धरायची, खांद्यातून जोर कसा द्यायचा, पत्रा कापताना डोळा कुठे ठेवायचा. या निदेशकांसाठी वर्षभराचा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय संस्थाही आहे. तरी देशातल्या बहुसंख्य निदेशकांकडे त्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र नाही, आणि आपल्याकडे कित्येक जागा तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर भरलेल्या आहेत. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणारा, पुढच्या वर्षी असेन की नाही हे माहीत नसलेला माणूस नवे सीएनसी यंत्र शिकायला स्वतःचा वेळ आणि खर्च कशाला घालेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटींची पीएम-सेतू योजना सुरू केली. यंत्रे येतील, इमारती उजळतील. या रकमेतला ठसठशीत वाटा निदेशकांच्या भरतीला, पगाराला आणि दर काही वर्षांनी त्यांना कारखान्यात नेऊन बसवण्याला गेला पाहिजे. दर्जाच्या कोणत्याही निकषापेक्षा हे मला अधिक मोलाचे वाटते.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळे असावेत, आणि परीक्षकाचे मानधन शिकवणाऱ्या संस्थेच्या खिशातून येता कामा नये, हे या सगळ्या अनुभवाचे सार मला दिसते. स्वतःच्या पेपरला स्वतः गुण देणारा विद्यार्थी कधी नापास झालेला नाही. दुसरे म्हणजे शिकून बाहेर पडल्यावर वर्षभराने तो मुलगा कुठे आहे, हे संस्थेने नव्हे तर तिसऱ्या कोणी तरी शोधावे आणि संस्थेच्या नावासह जाहीर करावे. २०२१ मध्ये भारतात सुरू झालेल्या कौशल्य प्रभाव रोख्यात नोकरी लागल्यानंतर तीन महिने टिकण्याशी पैसे जोडले होते. ५० हजार तरुणांपुरता, १.४४ कोटी डॉलरचा तो छोटा प्रयोग असला तरी दिशा बरोबर आहे. राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय आहे, रतन टाटा यांच्या नावाचे कौशल्य विद्यापीठ आहे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांचा असा माग काढण्याचे काम त्यांनी हातात घ्यावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फोन करणारी माणसे आणि आकडे लपवायचे नाहीत असा निश्चय लागतो.

पालकांनाही काही विचारता येईल. जून-जुलैत प्रवेशाची घाई चालू असते. तेव्हा संस्थेची इमारत पाहण्याऐवजी कार्यशाळेत जावे, गेल्या वर्षीच्या मुलांनी बनवलेले जॉब दाखवायला सांगावे, निदेशक किती दिवसांपासून आहेत ते विचारावे आणि गेल्या तुकडीतल्या दोन मुलांचे फोन नंबर मागावेत. चांगली संस्था हे सगळे आनंदाने दाखवते.

आणि उद्योगांनी कुशल माणसे मिळत नाहीत ही तक्रार करताना स्वतःचा वाटा उचलावा. भोसरी, अंबड, शेंद्रा, हिंगणा, कुडाळ, वेर्णा, जिथे जिथे औद्योगिक वसाहत आणि तिच्या संघटना आहेत, त्यांनी दर वर्षी आपला एक अनुभवी फिटर, एक वेल्डर, एक इलेक्ट्रिशियन पगारी रजेवर दोन दिवस जवळच्या आयटीआयच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून पाठवावा, आणि जो नापास व्हायला हवा त्याला नापास करण्याची मोकळीक त्याला द्यावी.